आदिलशाहीचे तीन रोजे

सोलापुराहून विजापुरास निघालेल्या प्रवाशाला गांव दिसण्यापूर्वीं घुमट दिसतो. भीमा मागें पडली, काळें रान सुरू झालें, कीं पुष्कळ वेळ ज्वारीच्या शेतांवांचून डोळ्यांना दुसरें कांहीं भेटत नाहीं. आणि मग क्षितिजाच्या रेषेवर एक करडी गोलाई उमटते. गाडी जसजशी पुढें जाते तसतशी ती वाढत जाते, आणि घरें, झाडें, तटाचे बुरूज हीं सारीं तिच्यापुढें खेळण्यांसारखीं दिसूं लागतात. आमच्याकडील बहुतेक घरांतल्या माणसांना हें दृश्य शाळेच्या सहलीपासून परिचयाचें आहे. शिक्षक पुढें, मुलें मागें, कोपऱ्यांतल्या मनोऱ्याचा अरुंद जिना, वरचा सज्जा, आणि तेथें पोंचतांच उसळणारा कल्लोळ. टाळ्या वाजवाव्या, एकमेकांचीं नांवें घ्यावीं, प्रतिध्वनि सात झाले कीं दहा यावर वाद घालावा आणि खालीं उतरावें, हा ठरलेला क्रम. घरीं आल्यावर आम्ही सांगतों कीं, गोल घुमट पाहिला. खरें म्हणावयाचें तर आम्हीं तो ऐकलेला असतो. पाहावयाचा राहूनच गेलेला असतो.

तो पाहावा कसा, याविषयीं थोडें लिहावें असें मनांत आहे. परंतु गोल घुमट एकटा पाहून कळत नाहीं. 2014 पासून ज्याचें सरकारी नांव विजयपुर झालें त्या या शहरांत बाप, मुलगा व नातू अशा तीन सुलतानांचे तीन रोजे आहेत. ते एकापुढें एक ठेवून पाहिले म्हणजे एका राज्याचा मध्यान्ह, त्याचा तिसरा प्रहर आणि त्याची सांज हीं दगडांत लिहिलेलीं आढळतात. हा इतिहास कोणा बखरकारानें लिहिलेला नाहीं. लिहिणारांना आपण तो लिहीत आहों याची जाणीवहि नव्हती. म्हणूनच तो अधिक विश्वासाचा.

मेलेल्या राजासाठीं घर बांधण्याची हौस सर्व जगांत आढळते. तें घर कोणी पाहावें, याचें उत्तर मात्र देशोदेशीं निराळें आहे. युरोपच्या आग्नेय कोपऱ्यांत, आजच्या बल्गेरियांत, प्राचीन काळीं थ्रेसियन लोकांचीं राज्यें होतीं. कझानलूक येथें 1944 सालीं त्यांचें एक थडगें सांपडलें. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांतील हें विटांचें गोल दालन जेमतेम 9 फूट रुंद आहे. त्याच्या घुमटाच्या आंतल्या अंगावर मेजाशीं बसलेला राजपुरुष, त्याची स्त्री, सेवक आणि रथाचे घोडे यांचीं सुरेख चित्रें काढलेलीं आहेत. 1982 सालीं स्वेश्तारी येथें उघडकीस आलेल्या दुसऱ्या थडग्यांत दहा दगडी स्त्रिया हात उंचावून छत तोलीत उभ्या आहेत. एवढें कौशल्य खर्चून त्या लोकांनीं तें मातीच्या ढिगाखालीं पुरून टाकलें. पाहणारा एकच, तो आंत निजलेला. विजापूरच्या सुलतानांनीं याच्या अगदीं उलट केलें. देह त्यांनीं साध्या तळघरांत ठेवला आणि सारी कला जिवंत माणसांच्या डोळ्यांसाठीं वर उभी केली. त्यामुळें त्यांचे रोजे म्हणजे मृतांचीं घरें तर खरींच, पण जिवंतांना उद्देशून केलेलीं भाषणेंहि आहेत.

हें भाषण करणारें घराणें आम्हां सोलापूरकरांना परकें नव्हे. 1490 पासून 1686 पर्यंत, म्हणजे जवळजवळ 200 वर्षें, आदिलशाही टिकली, आणि त्यांपैकीं पुष्कळ वर्षें सोलापूरचा किल्ला हा ती व निजामशाही यांच्यामधल्या तंट्याचा विषय होता. 1524 च्या सुमारास बुऱ्हाण निजामशहाचें लग्न विजापूरच्या राजकन्येशीं लागलें, तें सोलापुरास. किल्ला आंदण देण्याचें बोलणें झालें होतें. तें पाळलें गेलें नाहीं आणि लढाया जुंपल्या. सुमारें 40 वर्षांनीं उलट दिशेनें सोयरीक झाली. अहमदनगरची चांदबिबी विजापूरच्या पहिल्या अली आदिलशहास दिली, आणि सोलापूर तिच्याबरोबर आंदण म्हणून विजापूरकडे गेलें. 1580 सालीं अली मारला गेला. गादीवर त्याचा 9 वर्षांचा पुतण्या इब्राहीम बसला, आणि राज्याचा भार कांहीं काळ चांदबिबीनें वाहिला. सोलापूर आंदण घेऊन आलेल्या या बाईच्या देखरेखीखालीं वाढलेला मुलगा, तोच आमच्या पहिल्या रोज्याचा धनी.

दुसऱ्या इब्राहीमानें 1580 पासून 1627 पर्यंत राज्य केलें. तो गाण्याचा विलक्षण शोकी होता. दख्खनी भाषेंत त्यानें रागांवर बांधलेलीं पदें 'किताब-इ-नौरस' या ग्रंथांत आहेत. त्यांत सरस्वती व गणपति यांनाहि भक्तीनें आळविलेलें आहे. लोक त्याला जगद्गुरु म्हणत. अशा माणसाची कबर कशी असेल, याची आपण मनांत जी कल्पना करूं तशीच ती आहे. शहराच्या पश्चिमेस, एका भिंतींच्या आवारांत, एकाच उंच जोत्यावर दोन इमारती समोरासमोर उभ्या आहेत: पूर्वेस रोजा, पश्चिमेस मशीद, मधें हौद. मलिक संदल नांवाच्या अधिकाऱ्याच्या हातून हें काम झालें व त्याला दीड लाख होनांच्या आसपास खर्च आला, असें तेथल्याच लेखांवरून समजतें. योजना राणी ताज सुलतानेसाठीं होती. राजा आधीं गेला आणि तोहि तेथेंच निजला.

येथें भव्यतेनें दिपून जावें असें कांहीं नाहीं. सडपातळ मनोरे, पाकळ्यांतून उमलणारा लहानसा घुमट, रुंद छज्जा आणि भोंवतीं कमानींच्या दोन ओळींची ओसरी. पण भिंतीशीं जावें आणि मग डोळा हलत नाहीं. एकहि हात जागा मोकळी सोडलेली नाहीं. खिडक्यांच्या जागीं दगडी जाळ्या आहेत, आणि त्या जाळ्या म्हणजे अरबी अक्षरेंच आहेत. अक्षरांमधल्या फटींतून उजेड आंत झिरपतो. दगडाला कागदासारखें कातरावें, असें हें काम.

खरी करामत मात्र आंत आहे. कबरींचें दालन सुमारें 40 फूट चौरस आहे आणि त्याचें छत सपाट दगडी आहे. भिंतींपासून आंत वळत आलेला थोडा भाग सोडला, तर मधल्या फरशा नुसत्या एकमेकींच्या कडेला कडा लावून टांगल्यासारख्या आहेत. खालीं खांब नाहीं, तुळई नाहीं. त्या टिकल्या आहेत त्या चुन्याच्या पकडीवर आणि त्या वळणाच्या आधारावर. पाहणारा नक्षींत गुंतावा आणि छताकडे त्याचें लक्षहि जाऊं नये, अशी योजना आहे. जें अवघड तें सहज भासविणें हा गवयाचा गुण. तो येथें गवंड्यानें उचललेला दिसतो.

इब्राहीमामागून त्याचा मुलगा महंमद गादीवर आला आणि त्यानें 1656 पर्यंत राज्य केलें. विजापुरांत असें सांगतात कीं, नक्षींत बापाच्या पुढें जाणें शक्य नाहीं हें पाहून मुलानें आकाराची वाट धरली. दंतकथा असो वा नसो, दोन्ही इमारती पाहून आल्यावर ती खोटी वाटत नाहीं. गोल घुमटाच्या भिंती बाहेरून जवळजवळ उघड्या आहेत. चार बाजूंस चार प्रचंड भिंती, चार कोपऱ्यांस सात सात मजल्यांचे अष्टकोनी मनोरे, वर पुढें झेपावलेला छज्जा आणि त्यावर तो घुमट. गिलाव्याचें व शोभेचें काम अपुरेंच राहिलें. बापाचा रोजा जवळ बोलावतो. हा दूर उभें राहावयास लावतो.

आंत गेलें म्हणजे मात्र मनुष्याची बोलती बंद होते. दालनाची एकेक बाजू 135 फुटांच्या वर आहे, आणि 18,100 चौरस फुटांहून अधिक जागा एकाच घुमटाखालीं झांकलेली आहे. रोमच्या पँथिऑनचा घुमट रुंदीला याहून मोठा, सुमारें 142 फूट आहे. परंतु तो गोल भिंतीवर बसलेला असल्यामुळें त्याखालची जमीन सुमारें 15,800 चौरस फूटच भरते. गोल भिंतीवर गोल टोपी बसविणें एक, आणि चौकोनी खोलीवर बसविणें दुसरें. विजापूरच्या कारागिरांपुढें दुसरा प्रश्न होता, आणि या इमारतीचा सारा मोठेपणा त्या प्रश्नाच्या उत्तरांत आहे.

तें उत्तर समजण्यास गणित नको. दारापुढची रांगोळी आठवली तरी पुरे. एक चौकोन काढावा आणि त्यावर दुसरा तितकाच चौकोन आडवा फिरवून ठेवावा, म्हणजे आठ टोकांची चांदणी होते आणि तिच्या पोटांत एक अष्टकोन आपोआप तयार होतो. गोल घुमटांत हीच चांदणी कमानींनीं काढलेली आहे. भिंतींवरील आठ ठिकाणांहून आठ उंच कमानी निघतात, एकमेकींना छेदीत वर चढतात, आणि त्यांच्या छेदांमधून आंत झुकलेलीं अंगें मिळून तो अष्टकोन साधतो. अष्टकोनाचें वर्तुळ करणें मग सोपें. या वर्तुळाकार कडेवर सुमारें 11 फूट रुंदीचा सज्जा सोडून, मागें सरून, घुमट उभारलेला आहे. घुमटाचा आंतला व्यास सुमारें 124 फूट, बाहेरचा 144 फूट. विटा आणि चुना यांचें हें कवच बुडाशीं 10 फूट जाड आहे.

आतां यांतली युक्ति पाहावी. कोणताहि घुमट आपल्या वजनानें खालच्या भिंतींना बाहेर रेटतो. घुमट पडतात ते बहुधा यामुळें. येथें आंत झुकलेल्या त्या अंगांचें प्रचंड वजन भिंतींना आंत ओढतें. एक ओढ बाहेरची, एक आंतली. तराजूचीं पारडीं सारखीं राहावीं तशा त्या एकमेकींना तोलतात. म्हणून बाहेरून टेकू नाहींत, आंत खांब नाहींत आणि साडेतीनशें वर्षांहून अधिक काळ घुमट उभा आहे. जेम्स फर्ग्युसनसारख्या स्थापत्याच्या इतिहासकारानें या रचनेची मुक्तकंठानें वाखाणणी केली, ती तिच्या आकारासाठीं केली नाहीं. या तोलासाठीं केली.

इब्राहीम रोज्यांत हिकमत नक्षीखालीं झांकली होती. येथें ती उघडी आहे, आणि तीच शोभा आहे. या अर्थानें मुलानें बापाचें अनुकरण टाळून आपली निराळी वाट काढली असेंच म्हणावें लागेल. सज्जांतला तो प्रसिद्ध कुजबुजीचा चमत्कार हाहि या आकाराचाच अनुषंग आहे. आंत वळलेल्या गुळगुळीत भिंतीच्या कडेकडेनें आवाज सरकत जातो व पसरून विरण्यापूर्वीं पलीकडच्या कानाशीं पोंचतो. लंडनच्या सेंट पॉल मंदिरांतील अशाच सज्जावरून रॅले या शास्त्रज्ञानें त्याची उपपत्ति लावून दिली. प्रतिध्वनि हा घुमटाचा गुण खरा. पण केवळ तोच ऐकून परतणें म्हणजे पखवाजाची थाप ऐकून कीर्तन ऐकल्याचें समाधान मानणें होय.

मराठी वाचकाच्या मनांत येथें एक प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. हा घुमट कोणत्या वर्षांत वर चढत होता? 1636 सालीं शहाजहानाशीं तह होऊन उत्तरेची धास्ती कमी झाली. निजामशाहीचा वांटा मिळाला. शहाजीराजे आदिलशाही चाकरींत आले आणि कर्नाटकांतील मोहिमांवर गेले. राज्य समुद्रापासून समुद्रापर्यंत पसरलें. असा हा कळस. आणि 1646 च्या सुमारास महंमदशहा दुखण्यानें अंथरुणास खिळला तो पुढें सावरला नाहीं. त्याच सुमारास शहाजीराजांच्या मुलानें तोरणा घेतला. 1656 च्या आरंभीं जावळी घेतली. राजधानींत गवंडी घुमटाचा चुना मळीत असतां मावळांत दुसरे गवंडी राजगडाचे तट बांधीत होते. एकीकडे मरणानंतरची सोय चालली होती, दुसरीकडे एका राज्याच्या जन्माची. 1656 च्या नोव्हेंबरांत महंमदशहा वारला; दक्षिण दारावरच्या लेखांतून त्याच्या मृत्यूचें हिजरी 1067 हें वर्ष निघतें.

हा विरोध इतका चित्तवेधक आहे कीं, त्यावरून गोल घुमट म्हणजे केवळ एका मावळत्या सत्तेचा डामडौल, असा निकाल देण्याचा मोह होतो. आम्हांलाहि तो पूर्वीं झालेला आहे. परंतु राजा आणि इमारत यांचा जमाखर्च एकाच वहींत मांडणें बरोबर नव्हे. दारावर नांव राजाचें आहे. पण त्या आठ कमानींचें ज्ञान राजाचें नव्हतें. तें या भूमींतल्या चुना मळणाऱ्या, वीट भाजणाऱ्या, दोरी धरणाऱ्या हातांचें होतें. ज्या राज्यांत मोडी लिपींत मराठी कागद लिहिले जात, ज्याच्या फौजेंत मराठे सरदार झुंजत, त्या राज्याची ही कृति आपल्या वारशाबाहेर टाकण्याचें कांहीं कारण नाहीं. स्वराज्याचा अभिमान बाळगण्यासाठीं घुमटाकडे पाठ फिरवावी लागत नाहीं.

तिसरा रोजा पाहिला म्हणजे हें अधिक पटतें. महंमदामागून दुसरा अली गादीवर आला. त्याची कारकीर्द 1656 ते 1672. तोहि रसिक, नुसरती हा दख्खनी भाषेचा मोठा कवि त्याच्याच दरबारांतला. त्यानें आपल्या रोज्यासाठीं सुमारें 215 फूट चौरसाचें उंच जोतें घातलें. आजोबाची नाजुकता आणि बापाचा विस्तार दोन्ही साधावे, अशी उमेद त्यांत असावी. पण त्याच्या नशिबीं 1659 सालचें प्रतापगड आलें, 1660 सालचा पन्हाळ्याचा वेढा आला, 1665-66 सालीं मिर्झाराजा जयसिंगाची स्वारी आली. रोजा कमानींपर्यंत चढला आणि थांबला. त्यालाच लोक बारा कमान म्हणतात. काळ्या दगडाच्या टोकदार कमानी रांगेनें उभ्या आहेत; वर छत नाहीं, आकाश आहे; मधें अलीची कबर.

या इमारतीची छाया गोल घुमटावर पडूं नये म्हणून ती अपुरी ठेविली, अशी कथा वाटाडे मोठ्या चवीनें सांगतात. कोणी तर बापानेंच काम थांबविलें असेंहि म्हणतात. पण बाप 1656 सालींच गेला होता, आणि मुलगा त्यानंतर 16 वर्षें राज्य करीत होता. छायेची भीति कोणास वाटली असेल तर ती या छायेची नव्हे. उत्तरेहून आणि पश्चिमेहून येणाऱ्या दोन छाया त्याहून पुष्कळ लांब होत्या.

पुढचें थोडक्यांत सांगतां येईल. अलीचा मुलगा शिकंदर वयाच्या चौथ्या वर्षीं गादीवर बसला. 1685 सालीं औरंगजेबानें सोलापुरास तळ दिला, विजापुरास वेढा पडला, आणि 1686 च्या सप्टेंबरांत शिकंदरानें शहर स्वाधीन केलें. 1700 सालीं कैदेंतच तो वारला. त्याच्या वांट्यास रोजा आला नाहीं. विजापुरांतच उघड्यावर एक साधी कबर आली. आणि ज्यानें तें राज्य घेतलें, तो आलमगीरहि 1707 सालीं दक्षिणेंतच मरण पावून खुलताबादेस निजला, तोहि आपल्याच इच्छेनें घुमटावांचून, आकाशाखालीं.

सहलीस जाणारांना म्हणून एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, नेहमींचा क्रम बदलून पाहावा. आधीं बारा कमानीस जावें. छतावांचून उभी असलेली कमान वजन कसें उचलते व खालीं कसें पोंचविते, हें तेथें मुलांनाहि सहज दिसतें. मग इब्राहीम रोज्यांत जावें आणि नक्षीवरून नजर काढून छताकडे न्यावी. गोल घुमट शेवटीं. तेथेंहि लगेच जिना चढूं नये. खालच्या दालनाच्या मधोमध, कबरींच्या चौथऱ्यापाशीं, क्षणभर कोणीं बोलूं नये. एक कमान निवडावी, ती भिंतींतून जेथें निघते तेथपासून दुसरीस छेदीपर्यंत डोळ्यानें तिच्याबरोबर चढावें, आणि मग तिसरी, चौथी अशी आठहि मोजावीं. नंतर वर जाऊन मुलांनीं खुशाल ओरडावें. आपला आवाज कोणत्या आधारावर परत येत आहे, हें त्यांना तोंवर कळलेलें असेल.